गंधारापासून कोमल निषादापर्यंत

किराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांना कमी ऐकू यायचं. ‘बहिरे वहीद खाँ’ हे नाव त्यावरूनच पडलं. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी आपल्याला घरच्यासारखं ठाऊक असलेलं नाव म्हणजे हिराबाई बडोदेकर. दुसरा एक शागीर्द होता लाहोरचा. गाण्यापायी लहान वयात घर सोडलेला, उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षं गड्यासारखी सेवा करून मग कुठे तालीम मिळालेला. पुढे डेहराडूनजवळच्या टपकेश्वरच्या गुहेत राहून तो गात बसे. हे पंडित प्राणनाथ. आपल्याकडच्या चांगल्या तयार कानाच्या माणसाला हे नाव विचारा, बहुतेक वेळा मान हलेल ती नकारार्थी. १९७० साली ते अमेरिकेला गेले, तिथे त्यांना शिष्य मिळाले, आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी त्यांचं निधन झालं. त्या शिष्यांपैकी एकाच्या चेंबर संगीताबद्दल ही पुस्तिका आहे. टेरी रायली. जन्म २४ जून १९३५, गाव कोलफॅक्स, कॅलिफोर्निया. घराण्याच्या हिशेबानं पाहिलं तर लांब पांढऱ्या दाढीचा हा अमेरिकन गृहस्थ हिराबाईंचा पुतण्या लागतो.

हे नातं सुरुवातीलाच सांगून टाकलं, कारण ते ऐकून आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं त्याचा बंदोबस्तही लगेच करायला हवा. बाहेरचा कुणी षड्जावर जरा जास्त वेळ रेंगाळला की ‘हे तर आमचंच’ म्हणायची आपल्याला खोड आहे. या पुस्तिकेतल्या नोंदी लिहिताना ती खोड आवरायची असं आम्ही, एकत्र बसून ऐकणाऱ्या मंडळींनी, ठरवलं होतं. दोन-तीन ठिकाणी ती सुटलीच आहे, वाचकांना दिसेल. पण तारखा आपल्या बाजूनं नाहीत. रायलींचं नाव ज्या रचनेमुळे जगभर झालं ती ‘इन सी’ १९६४ ची. तेव्हा प्राणनाथांची आणि त्यांची गाठही पडलेली नव्हती. त्यांच्या कानात त्या वेळी जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन होता, मोरोक्कोत ऐकलेलं गाणं होतं, आणि पोटासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बारमध्ये रात्री वाजवलेला रॅगटाइम पियानो होता. त्या नोकरीवर जाताना बसमध्येच ‘इन सी’ची सुरुवात डोक्यात वाजू लागली, असं रायली स्वतः सांगत आले आहेत.

तेव्हा ‘इन सी’पासून सुरू करू. चेंबर संगीत म्हणजे दिवाणखान्यात मावेल एवढ्या वादकांचं संगीत, आपल्या बैठकीच्या मापाचं. ‘इन सी’ या मापात बसतं आणि बसत नाहीही. कारण किती वादकांनी वाजवायचं आणि कोणत्या वाद्यांवर, हे कागदावर ठरवलेलंच नाही. संपूर्ण रचना एका पानावर मावते. त्यावर ५३ छोटे तुकडे आहेत, क्रमांक घालून. प्रत्येक वादकानं पहिल्यापासून सुरुवात करायची, एक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा, मन भरलं की पुढच्यावर जायचं. मागे फिरायचं नाही. इतरांच्या फार पुढे पळायचं नाही, फार मागेही राहायचं नाही. दोन-तीन तुकड्यांच्या अंतरात सगळ्यांनी असावं. एखाद्यानं थांबून नुसतं ऐकलं तरी चालतं, उलट ऐकावंच. आणि या सगळ्यांखाली पियानोच्या वरच्या टोकाचा षड्ज एकसारखा, घड्याळाच्या टिकटिकीसारखा वाजत राहतो. हा ठोका मूळ कल्पनेत नव्हता. तालमीत सगळे एकमेकांपासून सुटायला लागले तेव्हा एका तरुण वादकानं तो सुचवला. त्याचं नाव स्टीव्ह राइश, आणि पुढे त्यानं स्वतःच या शैलीत केवढं काम केलं ते सांगायला वेगळी पुस्तिका लागेल.

ते पान आपल्या स्वरांत वाचून पाहिलं की गंमत येते. ‘सी’ला षड्ज माना. पहिल्या तुकड्यात फक्त गंधार आहे, तीनदा, आणि प्रत्येक वेळी त्याला षड्जाचा कण. दुसऱ्यात मध्यम येतो, पण गंधाराला नुसता शिवून परततो. पंचमापर्यंत पोचायलाही घाई नाही. पुढे सगळं शुद्ध स्वरांतच चाललेलं असतं, आणि चौदाव्या तुकड्यात लांबलचक षड्ज, निषाद, पंचम आणि मग तीव्र मध्यम. पहिल्यांदा ऐकताना हा तीव्र मध्यम कुणी आणला तेच कळत नाही. वीस माणसांपैकी एक तिथे पोचलेला असतो, बाकीचे अजून शुद्ध मध्यमावरच. काही मिनिटं दोन्ही मध्यम एकाच हवेत तरंगतात. मग हळूहळू खोलीतला उजेडच बदलतो. शेवटाकडे कोमल निषाद येतो, आणि त्रेपन्नावा तुकडा म्हणजे पंचम आणि कोमल निषाद यांची नुसती भरभर उलटापालट. गंधारावर सुरू झालेली गोष्ट कोमल निषादावर येऊन थांबते. एवढाच प्रवास. त्याला कधी पाऊण तास लागतो, कधी दीड.

‘मिनिमलिझम’ हा शब्द मी आतापर्यंत टाळला. तो चित्रकलेतून आला, संगीतकारांनी स्वतःहून लावून घेतला नाही, आणि मराठीत त्याचं भाषांतर करायला गेलं की कंजूषपणाचा वास येतो. साहित्य थोडं असतं हे खरं. पण आपण ज्याला बढत म्हणतो तिथेही साहित्य थोडंच असतं. वहीद खाँसाहेबांचा १९४७ साली रेडिओवरून टिपलेला दरबारी ज्यांनी ऐकला असेल त्यांना ‘एकच स्वर इतका वेळ का?’ हा प्रश्न पडत नाही. तरी फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ख्यालात बढत एका माणसाच्या मनातून होते. ‘इन सी’मध्ये ती कुणाच्याच मनात नसते. ती माणसांच्या मधल्या जागेत होते. समेवर येऊन सगळ्यांनी एकदम मान हलवायची सोय इथे नाही.

अशा रचनेचं ध्वनिमुद्रण म्हणजे काय, हा प्रश्न या पुस्तिकेच्या मुळाशी आहे. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये पहिला प्रयोग झाला. तो हवेत विरला. १९६८ मध्ये कोलंबिया कंपनीनं बफेलोच्या विद्यापीठातल्या वादकांना घेऊन तबकडी काढली. ११ वादक, पण त्यांनी एकावर एक थर चढवून वाजवलं, त्यामुळे ऐकताना समुदाय मोठा वाटतो. आमच्यापैकी बहुतेकांनी ‘इन सी’ पहिल्यांदा ऐकलं ते हेच, आणि कित्येक वर्षं आमची समजूत अशी की हेच ‘इन सी’. तबकडीचा हा दोष आहे. दरवेळी वेगळं व्हावं म्हणून केलेली गोष्ट ती कायमची एकच करून टाकते. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ गायिका म्हणायच्या की आपल्याच जुन्या रेकॉर्डची फर्माईश आली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. तेच हे.

यावर उतारा एकच, आणखी ध्वनिमुद्रणं. ती भरपूर झाली. १९८९ मध्ये शांघायच्या वादकांनी चिनी पारंपरिक वाद्यांवर केलं. बांग ऑन अ कॅन या न्यूयॉर्कच्या मंडळींनी केलं. मालीची राजधानी बामाको इथे कोरा आणि बालाफोन वाजवणाऱ्यांनी केलं, आणि ते ऐकताना ठोका पियानोतून निघून अंगणात आल्यासारखा वाटतो. २०१७ मध्ये ब्रुकलिन रागा मॅसिव्ह या गटानं सतार, सरोद, बासरी, तबला घेऊन केलं. हे शेवटचं आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं लावणारं ठरलं. मला स्वतःला त्यात तबला जिथे ठेका सोडून नुसता ठोक्याला चिकटतो ती जागा आवडते, आणि सतार जिथे मींडेच्या मोहात पडते तिथे रचना थोडी सैल होते असं वाटतं. आमच्यातल्या एकांचं मत नेमकं उलट आहे. दोन्ही नोंदी आत छापल्या आहेत.

रायली ध्वनिमुद्रणाकडे आपल्यासारखे बघत नसत, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्या लेखी रेकॉर्डिंग म्हणजे मैफलीचा फोटो. त्यांच्या लेखी टेपरेकॉर्डर हे वाद्य होतं. १९६३ मध्ये पॅरिसला त्यांनी ट्रम्पेटवादक चेट बेकर यांच्या वादनावर एक काम केलं, त्यातली युक्ती डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. दोन टेपरेकॉर्डर थोड्या अंतरावर ठेवायचे. एकाच फितीचं रीळ पहिल्यावर, आणि फीत मधल्या मोकळ्या जागेतून ताणून दुसऱ्याच्या रिळावर. पहिला मुद्रण करतो, तोच फितीचा भाग काही सेकंदांनी दुसऱ्यापर्यंत पोचला की तो वाजतो, आणि तो आवाज परत पहिल्याकडे जातो. वाजवणाऱ्याला आपलंच मागचं वाक्य सोबतीला येतं, मग त्याच्यामागचं, मग त्याच्यामागचं. आपली सावली आपल्याबरोबर जुगलबंदीला बसावी तसं. ‘इन सी’मधली दाटी या फितीतूनच आली. यंत्रानं जे केलं तेच त्यांनी माणसांकडून करून घेतलं.

मग १९७० आलं. प्राणनाथांची गाठ पडली, रायली त्यांच्यामागून भारतात आले, आणि पुढली पंचवीसेक वर्षं, गुरू असेतो, ते शिष्य राहिले. तानपुरा धरला, गायले, तबल्याचे बोल शिकले. या काळात त्यांनी जवळजवळ लिहिणंच सोडलं. स्वतःचे कार्यक्रम ते ऑर्गनवर आयत्या वेळी रचत वाजवत. ज्या संगीतकाराचं नाव एका छापील पानानं झालं, त्यानं कागद बाजूला ठेवला. किराण्यात शिकायचं तर कागद काय कामाचा! कान धरायचा, जागा पुन्हा पुन्हा घोटायची.

त्यांना कागदाकडे परत आणलं ते क्रोनोस क्वार्टेटनं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. १९७३ मध्ये डेव्हिड हॅरिंग्टन यांनी ही चौकडी उभी केली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ओकलंडच्या मिल्स कॉलेजात ती मुक्कामाला होती. रायली तिथे शिकवत होते, प्राणनाथही शिकवत होते. हॅरिंग्टन रायलींच्या मागे लागले की आमच्यासाठी लिहा. असा तगादा लावणारा माणूस प्रत्येक कलावंताच्या आयुष्यात एखादा तरी असावा लागतो. १९८० मध्ये चौकडीसाठीच्या पहिल्या दोन रचना आल्या (त्यांनाही चौकड्याच म्हणतात), आणि मग चार दशकं त्या थांबल्या नाहीत. क्रोनोसनं रायलींकडून जितकं लिहून घेतलं तितकं फार थोड्या संगीतकारांकडून घेतलं असेल. या पुस्तिकेचा मोठा भाग त्या ध्वनिमुद्रणांवर आहे.

पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पानावर स्वरांखाली बारीक सूचना असतात: इथे हळू, इथे जोरात, हा स्वर तोडा, तो ओढा. रायलींच्या पानांवर सुरुवातीला त्या फारशा नसत. स्वर आणि लय एवढंच लिहायचं, बाकी तालमीत बसून ठरवायचं. वादकांनी वाजवायचं, रायलींनी गाऊन दाखवायचं, पुन्हा वाजवायचं. मला वाटतं, प्राणनाथांची तालीम या चौकड्यांत कुठे शिरली असेल तर ती इथे शिरली. राग शोधायला जाल तर निराश व्हाल. एखाद्या ठिकाणी भैरवासारखं काही वाटतं, तोवर ते जाझकडे वळलेलं असतं, किंवा बारमधला जुना रॅगटाइम आतून डोकं काढतो. पण दोन व्हायोलिन एका स्वरावर येऊन तो किती उंच ठेवायचा, किती सरकवायचा यावर जी वाटाघाट करतात ती आपल्या ओळखीची आहे. जुन्या पियानोच्या बांधलेल्या पट्ट्यांतून सुटायची रायलींना ओढच होती. ‘द हार्प ऑफ न्यू अल्बियन’साठी तर त्यांनी आख्खा पियानो नव्यानं सुरात लावून घेतला.

१९८३ ची ‘कॅडेन्झा ऑन द नाइट प्लेन’ ही ओळखीला चांगली. त्यात चौघांनाही एकेकट्यानं बोलायची पाळी येते. ‘सलोमी डान्सेस फॉर पीस’ (तबकडी १९८९) मात्र दोन तासांच्या आसपासची, दोन डिस्कची. बायबलमधली सलोमी पुन्हा जन्म घेऊन या वेळी शांततेसाठी नाचते, अशी कल्पना. कल्पना जरा भाबडीच आहे. संगीत नाही. तरीही सलग ऐकायला जाऊ नका. आम्ही गेलो, आणि दुसऱ्या डिस्कपर्यंत तिघे उरलो.

‘रिक्विम फॉर ॲडम’वर (तबकडी २००१) लिहिताना मात्र माझा हात अडखळला होता. १९९५ च्या ईस्टरला हॅरिंग्टन कुटुंब डोंगरावर फिरायला गेलं असताना त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा अचानक गेला. रायलींनी त्याच्यासाठी ही चौकडी केली. वादकांपैकी एक स्वतःच्या मुलाचं जाणं वाजवतो आहे हे ठाऊक असताना कसं ऐकायचं? मधल्या भागात चौकडीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक वाद्यांची अंत्ययात्रा येते, बॅण्डसारखी, थोडी बेढब, आणि ती बेढब आहे म्हणूनच खरी वाटते. आपल्याकडेही गावच्या अंत्ययात्रेत वाजंत्री असते, तिचा सूर कधी लागलेला असतो? याच तबकडीच्या शेवटी रायलींनी एकट्यानं वाजवलेला एक पियानोचा तुकडा आहे, प्राणनाथांच्या स्मरणार्थ. तो आधी ऐकलात तरी चालेल.

अलीकडच्या ध्वनिमुद्रणांत माझ्या मते सगळ्यात मोलाचं ‘सन रिंग्ज’. याची हकिगत थोडी सांगायला हवी. आयोवा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ डॉन गर्नेट यांनी अनेक दशकं अवकाशयानांवरची उपकरणं बनवली. व्हॉयेजर यानांवरही त्यांचं उपकरण होतं. अंतराळात हवा नाही, तेव्हा आवाजही नाही. पण ग्रहांभोवतीच्या विद्युतभारित वायूत लहरी उठतात, आणि त्यांतल्या कित्येकांची कंपनसंख्या नेमकी माणसाच्या कानाच्या टप्प्यातली असते. यानाच्या ॲन्टेनानं त्या टिपायच्या आणि पृथ्वीवर आल्या की सरळ स्पीकरला जोडायच्या. शिट्ट्या, किलबिल, कढईत तेल तडतडल्यासारखे आवाज निघतात. नासानं हे आवाज क्रोनोसपुढे ठेवले, क्रोनोसनं रायलींना गाठलं. काम चालू असताना ११ सप्टेंबर २००१ चा दिवस आला आणि रायलींनी सगळा आराखडा नव्यानं मांडला. शेवटच्या भागात लेखिका ॲलिस वॉकर यांच्या आवाजातले चार-सहा शब्द जपासारखे फिरत राहतात. ऑक्टोबर २००२ मध्ये आयोवा सिटीत पहिला प्रयोग झाला.

आणि तबकडी आली २०१९ मध्ये. सतरा वर्षांनी! मधल्या काळात ती रचना गावोगाव वाजली, चौकडीतला चेलोवादकही बदलला. मला हे फार बरं वाटतं. एखादी बंदीश गळ्यात वीस वर्षं मुरल्यावर गायक रेकॉर्ड करतो तसं हे ध्वनिमुद्रण झालं आहे. दहा भाग आहेत. चौघं वादक त्या अवकाशातल्या आवाजांशी स्पर्धा करत नाहीत, त्यांची नक्कलही करत नाहीत. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा चांगले हेडफोन घ्या, कारण खालचे काही आवाज साध्या स्पीकरवर हरवतात आणि मग नुसतीच व्हायोलिनं उरतात. रेकॉर्डिंगच्या तंत्रासाठी या तबकडीला ग्रॅमी मिळालं, ते योग्यच.

रायली आता नव्वदीच्या पुढे आहेत. २०२० मध्ये जपानला गेले असताना महासाथीत तिथेच अडकले आणि तिथेच राहिले. जपानी विद्यार्थ्यांना राग शिकवतात. वहीद खाँसाहेबांच्या तालमीतली एखादी जागा आता कामाकुराच्या एखाद्या खोलीत गायली जात असेल.

नोंदींचा क्रम आम्ही ऐकण्याच्या संध्याकाळींप्रमाणे ठेवला आहे. शेवटच्या संध्याकाळी ऐकण्याऐवजी आम्ही ‘इन सी’ स्वतः वाजवून पाहिलं. दोन पेट्या, एक व्हायोलिन, एक बासरी, आणि ठोक्यासाठी यजमानांच्या नातीचा खेळण्यातला पियानो. पस्तिसावा तुकडा सगळ्यांत लांब आहे. आमच्यातले एक काका, चाळीस वर्षं भजनाला पेटी धरलेले, तिथे अडकले. बाकी आम्ही तिघे त्रेपन्नाव्यावर येऊन पोचलो. नियम असा की सगळे येईपर्यंत पोचलेल्यांनी तिथेच वाजवत राहायचं. आम्ही पंचम आणि कोमल निषाद फिरवत बसलो. नातीनं दोनदा हात बदलला. काकांनी चष्मा वर सरकवला, पान डोळ्यांजवळ धरलं, आणि पस्तिसावा पुन्हा पहिल्यापासून काढला.